‘व्हिलन’ला मराठीत काय म्हणावं? (इंग्लंड, १३८१)

उंबरठा :
१३८१च्या इंग्लंडमधल्या शेतकरी बंडावरचा एक लेख अनुवादित करते आहे. ‘व्हिलन’पाशी अडले. सिनेमातला नव्हे, मालकाच्या जमिनीला जन्मानं बांधलेला शेतकरी. मी ‘भूदास’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘शेतमजूर’ केलं. वाक्याचा जीवच गेला. १४ जूनला माइल एंडला लोकांनी १४ वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाकडे मागितलं ते हेच, की यापुढे कोणी व्हिलन राहू नये आणि जमीन एकरी ४ पेन्स खंडानं मिळावी. राजानं तशा सनदा दिल्या आणि जुलैत रद्द केल्या. ‘कोणी शेतमजूर राहू नये’ वाचून कुणाला काय कळणार?

पाणवठा :
सरळ ‘कूळ’ म्हणा. आमच्या कोकणात खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, आणि त्याची जमीन कसणारं कूळ हेच नातं होतं. आजोबा खोताच्या शेतावर वेठीला जात, आधी त्याची लावणी, मग आपली. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं ते उगाच नाही. ‘भूदास’ हा पाठ्यपुस्तकी शब्द, कुणाच्या तोंडी कधी ऐकलाय?

रानवारा :
‘कूळ’ला माझा विरोध आहे. १९४८च्या कूळकायद्यानंतर कूळ म्हणजे ज्याच्या पाठीशी कायदा उभा आहे असा माणूस. व्हिलनचं नेमकं उलट. मालकानं जमीन काढून घेतली तर राजाच्या न्यायालयात त्याला दाद नाही. त्याचा निवाडा मालकाच्याच कचेरीत. आपल्याकडचं जुनं ‘उपरी’, म्हणजे जमिनीवर कायमचा हक्क नसलेला कसणारा, तेही बसत नाही, उपऱ्याला गाव सोडून जाता येई. व्हिलनची जमीन बहुधा बापाकडून मुलाकडे जाई, म्हणजे मिराशीसारखी, वंशपरंपरेच्या हक्काच्या जमिनीसारखी; पण मिरासदाराचा मान आणि मोकळीक नाही. तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ती जागा मराठीत रिकामी आहे. तिथे ‘भूदास’ बसवला तर बिघडलं काय? नवा शब्दही वापरूनच जुना होतो.

दिवेलागण :
‘दास’ म्हटलं की विकत घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. काही व्हिलन चांगले खातेपिते होते, स्वतः मजूर लावत. मालकाची शेती बघणारा कारभारी, रीव्ह, तोही बहुधा व्हिलनांतूनच निवडलेला. मी ‘वेठबिगार’ सुचवेन. आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात फुकट राबणं, ही वेठच.

उंबरठा :
‘वेठबिगार’ मीही लिहून पाहिला. पण १९७६च्या वेठबिगारी बंदीच्या कायद्यापासून तो शब्द कर्जापायी अडकलेल्या माणसाला चिकटलाय. इथे कर्ज नाही, जन्म आहे. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरायचे. घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर मालकाचं. घरात सुतक आणि दारातून बैल चाललाय, हे भाषांतर करताना मला पुढे लिहवेना.

दिवेलागण :
लग्नाच्या पैशाला ‘लग्नटका’ म्हणा, आयता शब्द आहे.

रानवारा :
नको! लग्नटका हा नुसता कर. इंग्लंडात तुम्ही ते पैसे भरलेत हाच तुम्ही व्हिलन असल्याचा पुरावा धरत. म्हणून लोक त्यावर भांडत. मात्र डोईपट्टी हा शब्द चपखल बसतो: १५ वर्षांवरच्या प्रत्येकामागे १ शिलिंग, बंडाची ठिणगी तीच.

पाणवठा :
मग ‘व्हिलन’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत समजावा. सिनेमातला व्हिलनही त्यातूनच आलाय. लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडी, तिथे राबणारा तो व्हिलन, पुढे हलका माणूस, मग दुष्ट. आपण वेगळं काय केलं? ‘ग्राम्य’ म्हणजे गावचा, आणि आज ‘ग्राम्य भाषा’ म्हणजे शिवराळ. मी शाळेत ‘व्हतं’ म्हणालो म्हणून गुरुजींनी वर्गापुढे उभं करून हाच शब्द वापरला होता. अजून विसरलो नाही.

दिवेलागण :
पाणवठादादा, ‘शुद्ध मराठी’च्या नावाखाली असंच होत आलंय. त्यात शब्दही मरतात. ‘वेठ’ बघा. बातम्यांत रोज ‘संपामुळे प्रवासी वेठीस’. वेठीस धरणं म्हणजे जबरदस्तीनं राबवायला नेणं. प्रवासी फलाटावर ताटकळत बसलेत, राबतंय कोण?

रानवारा :
पण आता सगळे त्याच अर्थानं वापरतात, तो अर्थ खोटा कसा म्हणायचा? मूळ संस्कृत ‘विष्टि’, त्याचं वेठ. ‘बिगार’ फारसी. एकाच जाचाला दोन शब्द, आणि आपण ते जोडून घेतले.

उंबरठा :
सगळ्यांचे आभार, पण मला सोमवारपर्यंत लेख द्यायचाय. भूदास की व्हिलन?

पाणवठा :
रानवारा, विष्टीवरून आठवलं. पंचांगात ‘विष्टी करण’ असतं, ज्याला भद्रा म्हणतात आणि शुभ कामाला टाळतात. ती विष्टी हीच का? आजी म्हणायची, भद्रेत बैल बाहेर काढू नये. कुणाकडे जुना कोश असेल तर बघा ना.