मदत हवी आहे: आईला सबटायटल वाचता येत नाहीत, रोज रात्री काय लावू?

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, पण आधी थोडं रामायण ऐकावं लागेल.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं पुढच्या महिन्यात. तोवर ती कुडाळहून आमच्याकडे ठाण्याला आली आहे. चष्म्याचा नवा नंबर अजून मिळायचाय, त्यामुळे चित्र दिसतं, पण पडद्याखालची अक्षरं म्हणजे तिच्या भाषेत मुंग्यांची रांग. त्यात इंग्रजीचा आणि तिचा संबंध सातवीत सुटला. दिवसभर माझी धडपड तिने स्वयंपाकघरात घुसू नये म्हणून. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, फोडणीजवळ जायचं नाही. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी दोन तास काहीतरी बघतो. नवरा हेडफोन लावून आत क्रिकेट.

ती आली तेव्हा माझं ‘रिप्लाय 1988’ ही कोरियन मालिका दुसऱ्यांदा बघणं चालू होतं. मी बंद करणार, तेवढ्यात आई म्हणाली, “हो कोणाचो झील (मुलगा)?” मी सांगितलं. मग “ती कोण?” तेही सांगितलं. अर्ध्या तासात मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत बोलायला लागले होते. तिसऱ्या दिवसापासून मालवणीत, कारण त्या गल्लीतल्या बायकांच्या तोंडी आपली पुस्तकी मराठी अगदीच शोभेना.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सोलमधली एक गल्ली, पाच घरं, ऑलिंपिकचं वर्ष. पहिल्याच भागात जेवायच्या वेळी एका घरातून दुसऱ्या घरात वाडगे जायला लागतात. हिच्याकडची भाजी तिच्याकडे, तिच्याकडचं कालवण पलीकडे, आणि पोरं बिचारी ताटावर बसायच्या आधी नुसती हेलपाटे घालतात. आई इथे सरळ होऊन बसली. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम सोलमध्येही असतो हे तिला फार पटलं. पुढे कळतं की नायिकेचे वडील बँकेत असूनही कुटुंब तळघरात राहतं, कारण त्यांनी मित्राच्या कर्जाला जामीन दिलेला. आई लगेच, “जामीन ऱ्हवलो? मेलो मगे!” आमच्या घरात हा प्रकार होऊन गेलाय, त्यामुळे त्या माणसाबद्दल तिला जी माया वाटली ती शेवटपर्यंत आटणार नाही.

मधली मुलगी चिडते तो प्रसंग तर आम्ही दोनदा पाहिला. तिचा वाढदिवस दर वर्षी मोठ्या बहिणीच्या केकवरच उरकतात, अंडं तळलं की ते थोरलीला आणि धाकट्याला, हिला नाही. मीसुद्धा मधलीच. मी भाषांतर करता करता गप्प झाले. आई काही बोलली नाही, पण सकाळी माझ्या पोळीबरोबर न मागता एक अंड्याचा पोळा आला. (स्वयंपाकघरात घुसली ती घुसलीच.)

आता अडचण. एकेक भाग जवळजवळ दीड तासाचा, असे 20. माझा घसा बसलाय. दिवसभर ऑफिसात फोनवर बोलायचं आणि रात्री हे. शिवाय मधेच थेंबांचा गजर वाजतो, एक बाटली, मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग दुसरी. तेवढ्यात मी पाणी पिऊन घेते. झिलकऱ्याला तरी मुख्य बुवा गाताना श्वास मिळतो, इथे बुवाही मीच.

एका दुसऱ्या कोरियन मालिकेला हिंदी आवाज सापडला म्हणून तो लावून पाहिला. दहा मिनिटांत आईचा निकाल: “ह्या नको माका. आजयेक पण पंचवीस वर्सांच्या पोरीचो आवाज.” मलाही तो प्रकार झेपला नाही. सगळी पात्रं एकाच जाहिरातीतून पळून आल्यासारखी बोलतात.

गेल्या काही दिवसांत आम्ही पाहिलेलं आणि आमची मतं:

‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ (2025) चे चार भाग झाले. जेजू बेटावरची गोष्ट, नायिकेची आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात देखणं काम. पण त्यातली मरणं आईला सोसेनात, मीच बंद केली. एक मात्र तिच्या डोक्यातून जात नाही: नवरा पुरुषांच्या टेबलाकडे पाठ फिरवतो आणि बायकोच्या बाजूला तोंड करून जेवायला लागतो. आई म्हणाली, “तुझ्या बापाशीन असा कधी केल्यान नाय.” बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तक्रार ताजी.

‘दशावतार’ आम्ही ऑपरेशनच्या आधी, कुडाळला मी गेले होते तेव्हा पाहिला होता. दिलीप प्रभावळकर वयाच्या ऐंशीनंतर जे करतात ते बघून मी थक्क. त्यातल्या बाबुलीची दृष्टी अधू होत चाललेली, आणि शेजारी आमची आई तशीच, एक डोळा मिटून बघतेय. तिने लहानपणापासून जत्रेत रात्र रात्र जागून धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहिलाय, त्यामुळे तोंडाला रंग लावतानाच्या प्रसंगांत ती मला बोलूच देईना. “तोंड रंगवताना बोलूचा नसता.” मध्यंतरानंतर खाणवाले आणि सूड सुरू झाला तशी तिची गोडी कमी झाली. माझीही, खरं सांगायचं तर. पूर्वार्ध आमचा, उत्तरार्ध थेटरवाल्यांचा.

‘थ्री ऑफ अस’ हिंदी असल्यामुळे मला सुट्टी मिळाली. वेंगुर्ला दिसल्याबरोबर आई खूश. शेफाली शाहची स्मृती जात चाललीय हे मात्र तिला उशिरा उमगलं, आणि मग रात्रभर मला तिच्या मावशीबद्दल सांगत बसली. सिनेमा सुंदर आहे, पण या महिन्यात पुन्हा असलं काही नको.

तर हवंय काय? मराठी किंवा हिंदी. खून नको, शिव्या कमी, पोरं मरायला नकोत, आणि संध्याकाळच्या मालिकांमधलं पदर खोचून केलेलं कारस्थान तर अजिबात नको, ते ती स्वतःच दहा मिनिटांत ओळखते. शिवाय कोरियनसाठी काही तांत्रिक तोडगा असला तर तोही सांगा.

चहाबाज:
आधी तांत्रिक. नेटफ्लिक्स असेल तर ब्राउझरमधून खात्यात जा, आईंसाठी वेगळं प्रोफाइल करा, त्याच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं रूप बदलता येतं. अक्षर मोठं, रंग पिवळा, मागे काळी पट्टी. ते त्याच प्रोफाइलपुरतं राहतं, तुमचं बिघडत नाही. आईंना इंग्रजी येत नसल्याने त्यांना उपयोग शून्य, पण तुम्हाला लांबून वाचायला सोपं जाईल. घसा वाचणार नाही, डोळे वाचतील.

बघायला: ‘गुल्लक’. मिश्रांचं घर, भाग छोटे, गोष्ट सांगते ती घरातली मातीची गुल्लक. गीतांजली कुलकर्णीची आई बघा आणि मग तीच बाई ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील म्हणून बघा. एकाच बाईने केलंय यावर विश्वास बसत नाही.

माजघर:
गुल्लकला +१. ‘पंचायत’ही लावा, निदान पहिला सीझन. पुढे पुढे त्यात राजकारण फार वाढत गेलं असं माझं मत. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांचं नवरा-बायकोपण मात्र कुठल्याही सीझनला शिळं होत नाही.

‘लापता लेडीज’ पाहिला नसेल तर आजच. छाया कदमची स्टेशनवरची चहावाली आईंना नक्की आवडेल. ती फूल नावाच्या हरवलेल्या नवरीला कलाकंद करायला लावते तो भाग माझ्या सासूबाईंनी ‘दूध नीट आटलेलं नाही’ म्हणून परत लावायला सांगितला होता.

एकांडा_प्रेक्षक:
सगळे तेच तेच सुचवतायत. छाया कदम बघायची तर ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ बघा. 2024 ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला. त्यात ती रत्नागिरीकडची पार्वती आहे, मुंबईत इस्पितळात स्वयंपाक करणारी, बिल्डर घर सोडायला लावतोय आणि हिच्याकडे कागद नाहीत. तळकोकणातल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

माजघर:
अहो, पण त्यात निम्मं मल्याळम आहे! ताईंचा घसा तिथेच बसायचा. आणि जंगलातला एक प्रसंग आहे, तेव्हा आईंना पाणी आणायला पाठवावं लागेल. वाकायलाही बंदी आहे म्हणे.

एकांडा_प्रेक्षक:
बाहत्तर वर्षांच्या बाईपासून काय लपवताय? असो.

धागाकर्ती:
एकाहत्तर. आणि ती पाणी आणायला उठत नाही, मलाच पाठवते.

रात्रपाळी:
हपिसातून टंकतोय, चुका माफ. ‘वाळवी’ का कुणी सुचवली नाही? पावणेदोन तासांच्या आसपास, मराठी, एक मिनिट कंटाळा नाही.

धागाकर्ती:
खून नको म्हटलंय हो.

रात्रपाळी:
पण तो गमतीचा खून आहे.

तळ्यावरचा_बगळा:
‘वाळवी’वाल्या परेश मोकाशींचाच पाहिजे तर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) लावा. तुमच्या आईंसाठीच केलाय असं वाटेल. फाळके सिनेमाच्या नादात डोळे शिणवून घेतात, दिसेनासं होतं, मग पुन्हा दृष्टी येते. खरंच घडलेलं आहे. आणि ते कसलीही रडारड न करता दाखवलंय, सगळं घर जणू नाटकात काम करतंय अशा उत्साहात. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करायचा खटाटोप तर मी नातवाला चार वेळा दाखवलाय.

दुसरं म्हणजे दशावतारातले स्त्रीपार्टी पाहिलेल्या माणसाला तारामतीच्या शोधाची गंमत वेगळीच कळेल. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (1913) बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना तारामती केलं. मिशी काढण्यावरून सिनेमात काय धमाल आहे ते बघाच.

अवांतर: मूकपटाच्या काळातही थेटरात कुणीतरी पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवायचं, कारण बहुतेकांना वाचता येत नसे. तुम्ही करताय तेच काम. त्याचा पगार मिळायचा.

चहाबाज:
सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचं काही सुचवणार होतो, पण ‘अस्तु’ नको. मोहन आगाशे अप्रतिम आहेत, तरी स्मृतिभ्रंशाचाच विषय. डोळा बरा झाला की सावकाश बघा, त्यातला हत्ती विसरता येत नाही.

पाऊसवेडी:
रुमाल टाकून ठेवतेय. माझीही आई पुढच्या महिन्यात येतेय, कारण गुडघा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार. हिशोब देते.

‘गुल्लक’ संपवली. आईला धाकटा मुलगा फार आवडला, मोठ्यावर तिचा विश्वास नाही. ‘पंचायत’ चालू आहे, पण ती आता नवऱ्याने पळवलीय, क्रिकेट सोडून बाहेर येऊन बसतो. ‘लापता लेडीज’ बघताना तिने कलाकंदावर काही टिप्पणी केली नाही, मात्र घूंघट घेऊन लोकलमध्ये चढायचं झालं तर काय, यावर बराच वेळ विचार केला.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा खरा विजय. बगळेकाका (चालेल ना?), तुमचं ऐकलं ते बरं झालं. फाळक्यांचे डोळे जातात तिथे ती माझा हात धरून बसली आणि परत दिसायला लागल्यावर म्हणाली, “बघ, थेंबांशिवाय.” मिशीच्या प्रसंगाला इतकी हसली की डोळ्यावर ताण येईल म्हणून मलाच भीती वाटली.

पण एक गोष्ट कबूल करते. दोन-तीन दिवस मराठी-हिंदीच बघत होतो, मी छान गप्प बसून. चौथ्या रात्री ती म्हणाली, त्या गल्लीतल्यांचं पुढे काय झालं? मी म्हटलं, घसा. तर खडीसाखर आणि लवंग घेऊन आली. तेव्हापासून पुन्हा कथेकरी. जवळ सरकून बसते, चूक झाली तर टोकते. काल मी कंटाळून एका म्हातारीचं भांडण दोन वाक्यांत उरकलं, तर म्हणाली, “ती इतक्या वेळ बोलली, तू इतक्याच कशा सांगतस?”

नवीन अडचण: दुसरा डोळाही झाला, तपासणी चांगली आली, आणि ती रविवारी गावी चाललीय. आमचे अजून सहा भाग बाकी. घरी नेट म्हणजे अंगणातल्या पायरीवर बसलं तर येतं, तेही पाऊस नसेल तर. तिने स्वतःच ठरवलंय की रोज नऊ वाजता फोन करायचा आणि मी बघून सांगायचं. म्हणजे आता चित्रसुद्धा मीच. कुणी असं केलंय का? भाग उतरवून पेनड्राइव्हवर देता येत नाही हे माहीत आहे, जुनी टॅबलेट आहे, तिच्यात अ‍ॅपवर डाउनलोड करून दिली तर किती दिवस टिकतं?

चहाबाज:
डाउनलोडला मुदत असते, आणि ती प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी. अ‍ॅपमध्ये संपत आली की दिसते. जायच्या आदल्या रात्री करा, आधी नको. आवाज फुल करून बघा, जुन्या टॅबलेटचे स्पीकर दगा देतात. पण ताई, अक्षरं कोण वाचणार?

धागाकर्ती:
फोनवर मी. तिने टॅबलेट लावायची, मी इथे टीव्ही लावायचा, “एक, दोन, तीन, दाब” म्हणायचं. काल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तालीम केली. ती चार सेकंद पुढे होती आणि ऐकायला तयार नव्हती.

रात्रपाळी:
म्हणजे शेवटी नायिकेचा नवरा कोण ते त्यांना अजून माहीत नाही?

धागाकर्ती:
नाही! आणि कृपा करून इथे कुणीही नाव लिहू नका. शेजारचा मुलगा तिला हा धागा वाचून दाखवतो. ती सांगते की तिला पहिल्या भागापासून ठाऊक आहे, पण विचारलं की विषय बदलते.