भिंतीवरची बुरशी: दोष राहणाऱ्याचा की बांधणाऱ्याचा?

सातवा_मजला:
मुंबईत झोपडीच्या बदल्यात घर मिळतं त्या पुनर्वसनाच्या इमारतीत ओलीची तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: "घरात कपडे वाळत घालता, खिडक्या लावून घेता, मग बुरशी येणारच." अहो, घर केवढं? आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. एवढ्याशा घराला एकच खिडकी, तीही समोरच्याच्या भिंतीत उघडणारी. जुलैत कपडे वाळवायचे कुठे? गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडवरचा अभ्यास आठवा. दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर अंतर, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, आणि क्षयाचे रुग्ण जवळच्या मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त. हा नकाशा ज्यांनी मंजूर केला त्यांना कोणी विचारत नाही.

सिव्हिलवाला:
तो अभ्यास हवा-उजेडाचा आणि क्षयाचा आहे, बुरशीचा नाही. दोन्हींची खिचडी नको. मुंबईत भिंती विलायतेसारख्या थंडगार नसतात, की हवेतला दमटपणा त्यांवर पाणी होऊन जमावा. इथली बरीचशी ओल गळतीची असते: वरच्यांची मोरी, फुटका नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), डक्टमधले, म्हणजे इमारतीच्या उभ्या पोकळीतले पाइप. वरचे हौसेने नव्या टाइल्स बसवतात, त्यात खालचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, उखडतो, आणि पाणी खालच्यांच्या छतात.
आधी कारण तपासा. डागाजवळ प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

मोरीवाली:
आमच्याकडे दोन्ही बाजूंना येतील! पुट्टी मारून रंग दिला की दिवाळी छान जाते, पुढच्या गणपतीला पोपडे हजर. वरच्या काकू म्हणतात, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे."

मँचेस्टरकर:
इथे जवळच रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळेच, असा निष्कर्ष २०२२च्या चौकशीत निघाला. भाड्याने घर देणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला होता. आता इंग्लंडमध्ये त्याच्या नावाचा कायदा आहे, अशा संस्थांच्या घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल. गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या १० दिवसांत, धोका आढळला तर पुढच्या कामाच्या ५ दिवसांत तो दूर करायचा.

फुकटचा_सल्ला:
तिथे संस्था भाडं घेते म्हणून तिला धरता येतं. इथे घर मालकीचं, सोसायटी आपलीच. मेंटेनन्स थकवायचा, सभेला यायचं नाही आणि गळती झाली की सरकार! फुकट घर मिळालं, देखभाल तरी करा.

सातवा_मजला:
फुकट कसलं? झोपडीची जागा गेली, वर बिल्डरने विक्रीचा टॉवर उभा केला. देखभालीसाठी सुरुवातीच्या योजनेत घरामागे एकदाच २०,००० रुपये ठेवले गेले. त्याच्या व्याजात लिफ्ट चालवायची की बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग? आणि मालकीचंच म्हणता ना, मग म्हाडाची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाची, संक्रमण शिबिरं (तात्पुरती घरं) घ्या. इमारत म्हाडाची, भाडं म्हाडाला. पोलीस वसाहतीही सरकारीच. तिथे तरी मुदतीचा नियम लावा.

सिव्हिलवाला:
शिबिरांपुरतं मान्य. पण मुदत कारण शोधायलाही घाला, नाहीतर पाचव्या दिवशी रंगारी येऊन पांढरा हात फिरवून जाईल आणि कागदावर 'काम पूर्ण'.