मुंबई–दिल्ली विमानाने नक्की किती वेळ? घरापासून घरापर्यंतचे अनुभव सांगा

डोंबिवलीहून:
आईबाबा पहिल्यांदाच विमानाने ताईकडे दिल्लीला निघालेत. हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर, म्हणजे हिशेबाने दीड-पावणेदोन तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तास. बाबांना मधुमेह आहे, जेवणाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा सांभाळायच्यात. घर सोडल्यापासून ताईच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ धरू? दुसऱ्या मार्गांवरचे अनुभवही लिहा.

दिल्लीहून:
कामानिमित्त माझी सतत ये-जा असते. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकच वापरात असते. गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते आणि मुंबईत उतरणारी विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. डोंबिवलीपासून सात-आठ तास धराच. डिसेंबर-जानेवारीत जाणार असतील तर पहाटेचं विमान घेऊ नका, धुक्यामुळे दिल्लीत फार उशीर होतो. दुपारचं बघा. इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, सामानात अजिबात नको. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

डोंबिवलीहून:
खूप आभार! पोळीभाजीचा डबा तपासणीत अडवतात का?

दिल्लीहून:
नाही, खुशाल न्या. आमटी, लोणचं वगैरे हातातल्या पिशवीत नको.

न्यू जर्सीहून:
आमच्याकडे तर जाण्यायेण्याच्या वेळेतही फरक. मुंबई–न्यूअर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. मुंबईहून इकडे येताना जास्त वेळ लागतो, परत जाताना एक-दीड तास कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं होतं. सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा हजारावर किलोमीटर जास्त, तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी होता. हे वाचल्यापासून मी अंतर बघणं सोडलंय, वेळच बघते. उलटा प्रकार एप्रिल २०२५नंतरचा: पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेळ वाढला. काही विमानांना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावं लागलं. तेव्हा सासूबाई एकट्या येत होत्या, जीव टांगणीला लागला होता.

सावंतवाडीहून:
मुंबई–गोवा हवेत तासाभराचाच प्रवास. पण २०२३पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत, ते आधी बघा. आम्हाला पेडण्यातलं मोपा जवळ. दाबोळीला उतरलं तर मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडून यावं लागतं. मडगाव-काणकोणवाल्यांचं नेमकं उलट. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरू नका. तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

दिल्लीहून:
हो, टर्मिनलचंही तसंच. डोंबिवलीकर, मुंबईत टी-१ आणि टी-२ वेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि रिक्षावाला विचारणारच, तेव्हा आईबाबांना कागदावर लिहून द्या. दिल्लीत टी-३ला उतरले तर तिथूनच एअरपोर्ट मेट्रो मिळते, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन. ताई कुठे राहतात?

डोंबिवलीहून:
दिल्लीतल्याच द्वारका भागात.

दिल्लीहून:
मग विमानतळापासून अगदीच जवळ. पाऊण-एक तास कमी धरा.