परदेशी एक्स्चेंज विद्यार्थी घरी राहायला येतो तेव्हा : यजमान कुटुंबांचे अनुभव

परदेशातलं शाळकरी मूल आपल्या घरात ठेवून घ्यायचं, ही गोष्ट नवी नाही. एएफएस ही संस्था १९४७ पासून हे काम करते आहे, रोटरीचे क्लबही पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मूल साधारण १५ ते १९ वयाचं, मुक्काम काही आठवड्यांचा किंवा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा. संस्था माहितीपुस्तिका देते, बैठका घेते. तरीही मूल दारात येऊन उभं राहिलं की पहिल्या तासाभरात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं त्या पुस्तिकेत सापडत नाहीत.

ज्यांनी अशी मुलं सांभाळली आहेत, किंवा संस्थेच्या बाजूने हे काम पाहिलं आहे, त्यांनी इथे लिहावं. "फार छान गेलं वर्ष" एवढ्यावर थांबू नका. काय करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते सविस्तर हवं आहे.

यजमान आई

पहिल्या संध्याकाळी पाचच गोष्टी दाखवायच्या: संडास-बाथरूम, झोपायची जागा, पिण्याचं पाणी, वायफायचा पासवर्ड, आणि रात्री काही लागलं तर कोणाचं दार वाजवायचं. त्याआधी, घरात पाऊल टाकताच, आईवडिलांना पोचल्याचा फोन लावून द्यायचा. बाकी काही सांगायचं नाही. लांबच्या विमानप्रवासाने शिणलेलं मूल सगळ्याला मान डोलावतं आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नसतं.

बाथरूम मात्र स्वतः नळ फिरवून दाखवा. गरम पाणी कोणत्या बाजूला, बटण किती वेळ आधी लावायचं, पाणी किती वेळात संपतं, फरशी ओली झालेली चालते की कोरडी ठेवायची. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा की डब्यात, हे देशागणिक बदलतं, आणि कोणतंही मूल ते तोंडाने विचारत नाही. पाइप तुंबतो तो या न विचारलेल्या प्रश्नामुळे. झाकणाचा डबा आणि जुने कागद आधीच बाथरूममध्ये ठेवले की पॅड कशात गुंडाळायचं आणि कुठे टाकायचं हे मुलीला विचारावं लागत नाही. तरी घरातल्या बाईने तिला एकटीला गाठून एकदा सांगावंच.

झोपेचं गणित असं धरा: घड्याळातल्या फरकाच्या दर तासामागे साधारण एक दिवस. पूर्वेकडे आलेल्या मुलाला जास्त त्रास होतो, कारण शरीराला लवकर झोपायला लावणं उशिरा झोपवण्यापेक्षा अवघड असतं. पश्चिमेकडून आलेल्यांना सकाळचा उजेड उपयोगी पडतो, पण फरक सात-आठ तासांच्या वर असेल तर पहिले दोन दिवस अगदी पहाटेच्या उन्हात काढू नका. ती वेळ त्यांच्या शरीराच्या मध्यरात्रीची असते आणि झोप उलट आणखी पुढे सरकते. दुपारची डुलकी अर्ध्या तासात मोडायची. या दिवसांत मूल चिडकं, घुमं किंवा आळशी वाटलं तर त्यावरून स्वभावाचा अंदाज बांधू नये.

यजमान बाबा

वरच्या प्रतिसादाला जोडून. घराचे नियम तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पोटभर झोप झाल्यावर, सगळ्यांनी एकत्र बसून सांगावेत आणि एका पानावर लिहून द्यावेत. "घर आपलंच समज" या वाक्याने मुलाला काहीच कळत नाही. त्याच्या घरी फ्रिज न विचारता उघडत असतील, किंवा विचारल्याशिवाय मुळीच उघडत नसतील. म्हणून वाक्यं सुटी आणि पक्की हवीत: या कप्प्यातलं केव्हाही घे, त्या कप्प्यातलं विचारून घे. बाहेर जाताना कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत, हे घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून जा. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी कळव, नंतर नाही. स्वतःची ताटली उचल. कपडे अमुक वारी मशीनला लाव.

एक-दोन कामं मुलाच्या नावावर पहिल्या आठवड्यातच लावा, आणि तीच कामं जी घरची मुलंही करतात. काम न देणं हा पाहुणचार झाला. तो महिनाभर चालतो, मग घरातली बाई दमते आणि मुलाला अचानक रागावलेले चेहरे दिसायला लागतात. काय बदललं, ते त्याला कळत नाही.

नियमामागचं कारणही सांगा. आजोबा नऊला झोपतात म्हणून नऊनंतर आवाज नको, असं सांगितलं की मूल हेडफोन लावतं. नुसतं "आवाज नको" म्हटलं तर त्याला वाटतं आपण नकोसे झालो.

विजेचं काम जाणणारा

थोडक्यात. जपानमध्ये १०० व्होल्ट, उत्तर अमेरिकेत १२०, जगात बहुतेक ठिकाणी २२० ते २४०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात "१००–२४०" लिहिलेलं असतं. तो कुठेही चालतो, पिन जुळवणारा अडॅप्टर पुरतो. हेअर ड्रायर, केस सरळ करायचं यंत्र, इस्त्री यांवर बहुधा एकच आकडा असतो. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. १२० चा ड्रायर २३० ला लावला तर तो काही सेकंदांत जळतो. मूल यायच्या आधीच निरोप धाडा: ड्रायर आणू नकोस, घरातला वापर.

भाषा शिकवणारी, यजमानही

प्रमाणपत्रावर बी१ (म्हणजे भाषेची मधली पातळी) लिहिलेलं मूल वर्गात बोलतं, पण जेवणाच्या टेबलावर चार माणसं एकदम बोलायला लागली की त्याचा धागा सुटतो. हे ऐकण्याचं दमणं असतं. शाळेतून आल्यावर तास-दीड तास एकटं राहू द्या. दार लावून पडलं म्हणजे रुसलं असं नाही.

"समजलं का?" हा प्रश्न टाकून द्या. उत्तर नेहमी "हो" येतं. त्याऐवजी "मग उद्या तू किती वाजता कुठे उभा राहणार?" असं विचारा, म्हणजे काय पोचलं ते दिसतं. वेळ, पत्ता, बसचा नंबर हे तोंडी कधीच नको. फोनवर लिहून पाठवा किंवा फ्रिजवरच्या पाटीवर लिहा. आवाज चढवून उपयोग नाही, वाक्य तोडून बोला. चूक दर वाक्याला दुरुस्त केली तर मूल बोलणंच सोडतं. अर्थ बिघडत असेल तेवढीच दुरुस्त करा.

घरातल्या कोणा एकाला स्वतःचं इंग्रजी सुधारून घ्यायचं असतं आणि मग मुलाशी सगळे इंग्रजीतच बोलतात. मूल ज्या भाषेसाठी आलं ती त्याला मिळत नाही. पहिले काही आठवडे मिश्र चालेल, पुढे दिवसातली निदान एक वेळ, जेवणाची, घरच्या भाषेची ठेवा.

संस्थेची स्वयंसेवक, समन्वयक

घरच्या आठवणीबद्दल लिहिते, कारण सर्वात जास्त फोन त्याचेच येतात.

स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अभ्यासावरून, एक कल्पना मांडली: सुरुवातीला बरं वाटतं, मधे मन खाली जातं, मग पुन्हा वर येतं. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ही रेघ बैठकांमध्ये आजही दाखवतात. पण पुढच्या अभ्यासांत ती नेहमी जुळली नाही. बऱ्याच विद्यार्थ्यांना सर्वात जड गेले ते पहिलेच आठवडे. तेव्हा पहिला महिना आनंदाचाच असणार असं गृहीत धरू नका. सणावारांच्या दिवसांत, वाढदिवसाला, आणि आजारपणात घरची आठवण पुन्हा उचल खाते, हे मात्र पाहायला मिळतं.

रडणारं मूल सहसा काळजीचं नसतं. रडतं म्हणजे त्याने तुम्हाला जवळचं मानलं आहे. लक्ष द्यायचं ते गप्प होणाऱ्याकडे: जेवण कमी, रात्रभर जाग, शाळेच्या दिवशी रोज पोटदुखी, खोलीबाहेर न येणं. हे दोन आठवडे सलग दिसलं तर समन्वयकाला कळवा. स्वतःला इजा केल्याची खूण दिसली किंवा मरणाची भाषा कानावर आली, तर त्याच क्षणी फोन करा, मुलाला एकटं ठेवू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका.

साध्या उदासीला "चल, बरोबर ये" हे वाक्य बरं. भाजी आणायला, कुत्रा फिरवायला, गाडी धुवायला. समोरासमोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं की मूल आक्रसतं. शेजारी चालताना आपसूक बोलतं.

घरी फोन किती वेळा, यावर वाद आहे. काही कार्यक्रम आठवड्यातून एकदाच करा म्हणतात. माझं मत: बंदी नको, वेळ ठरवा. रोज रात्री दोन तास व्हिडिओ कॉल चालला तर मूल शरीराने इथे आणि मनाने तिथे राहतं, आणि झोपही जाते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कॉल असला की आईवडीलही निश्चिंत होतात.

यजमान आई, घरात लहान भावंडं

फोनबद्दल थोडं वेगळं मत आहे. पहिले दहा दिवस रोज बोलू द्यावं, मग हळूहळू अंतर वाढवावं. एकदम आठवड्यावर आणलं तर मूल चोरून बोलतं, आणि पहिली अढी तिथेच बसते.

आता स्वतःच्या मुलांबद्दल, कारण हे सगळे विसरतात. आपल्या मुलाची खोली काढून देऊ नका. देणं भागच असेल तर त्याला महिनाभर आधी सांगा, आणि त्याचा कप्पा, त्याचं टेबल त्याच्याकडे राहू द्या. समवयस्क मूल असेल तर ते आपोआप मित्र होतील असं धरू नये. शाळेत रोज बरोबर ने, डब्याला बरोबर बस, ही जबाबदारी त्याच्यावर टाकली की दोघेही वैतागतात. आठवड्यात थोडा वेळ फक्त आपल्या मुलासाठी राखून ठेवा, आणि तो वेळ पाहुण्या मुलासाठीही रद्द करू नका.

डॉक्टर, यजमान कुटुंबातले

मूल बहुधा अल्पवयीन असतं, म्हणून उपचाराच्या संमतीचं पत्र हा पहिला कागद. आईवडिलांची सही असलेलं, तुमचं आणि संस्थेचं नाव असलेलं. त्याची एक प्रत घरात, एक फोटो फोनमध्ये. सोबत विम्याचा क्रमांक आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर. विमा कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते की आधी तुम्ही भरून मागून घ्यायचे, हे बरं असतानाच विचारून ठेवा. मूळ बिलं टाकू नका.

औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह आणायला सांगा. एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, त्या त्रासाची) काही औषधं, वेदना-खोकल्यावरचं कोडीन, चोंदलेल्या नाकावरचं स्यूडोएफेड्रिन यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत; घरून टपालाने मागवणं तर अडचणीत टाकणारं. प्रत्येक औषधाचं ब्रँड नव्हे, मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन हे एकच द्रव्य आहे. मूल आपल्या पिशवीतली ॲसिटामिनोफेन घेतं, वरून तुम्ही सर्दीची मिश्र गोळी देता, तिच्यातही तेच असतं. मोठ्या माणसाची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, किरकोळ शरीराच्या मुलाची त्याहून कमी. यकृताला होणारी इजा सुरुवातीला दिसत नाही.

ॲलर्जी आणि नावड यांत गल्लत नको. "हे खात नाही" म्हणाल्यावर विचारा: खाल्लं तर काय होतं? अंगावर पुरळ, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं असं उत्तर आलं तर ॲड्रेनालिनचं पेन (ॲलर्जीच्या झटक्यात टोचायचं तयार इंजेक्शन) आहे का ते पाहा. ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, तापलेल्या गाडीतही नाही; खोलीच्या तापमानाला, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात, कपड्यावरूनही चालतं. टोचल्यावर मुलाला आडवं करा, श्वासाला त्रास असेल तर बसू द्या, चालवू नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण त्रास काही तासांनी परत येऊ शकतो.

समन्वयक, पुन्हा

सुरक्षिततेचं राहिलं. स्वतंत्र पलंग आणि बंद होणारं दार ही किमान अट माना. दार वाजवून, उत्तर आल्यावरच आत. पासपोर्ट मुलाकडेच राहतो. "सांभाळून ठेवतो" म्हणूनही काढून घेऊ नये. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मुलाला विचारा, शाळेचं नाव आणि घराचा पत्ता कळेल असं काही टाकू नका. रोटरीच्या कार्यक्रमात, इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरावरून, "चार डी" म्हणून ओळखले जाणारे नियम आहेत: दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणं आणि प्रेमप्रकरण, चारही मना. दुसऱ्या कार्यक्रमांचे नियम वेगळे असतात, पण वाहनाचा बहुधा सगळीकडे सारखा. स्कूटर "फक्त गल्लीतल्या गल्लीत"सुद्धा देऊ नका. अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, आणि मुलाला लगेच परत धाडलं जाऊ शकतं.

जमलंच नाही तर? एक विषय घेऊन दोन दिवसांच्या आत बोला, साठवू नका. मग समन्वयकासमोर बसा. त्यानंतरही ताण तसाच राहिला तर घर बदलतात, आणि त्यात कोणाची नाचक्की नसते. पूर्ण वर्षाच्या कार्यक्रमांत काही संस्था मुळातच एकापेक्षा जास्त घरं ठरवतात.

यजमान बाबा, परतीबद्दल

परतीची तयारी महिनाभर आधी शाळेपासून सुरू करा. गुणपत्रक आणि हजेरीचा दाखला शिक्क्यासह लागतो. सुट्ट्या लागल्या की शाळेचं कार्यालय सही द्यायला सापडत नाही. ग्रंथालयाची पुस्तकं, फोनचं सिम, शाळेची अनामत, दवाखान्याचे कागद यांची यादी करा.

बॅग आठवडाभर आधी भरून वजन करा. वर्षभरात सामान दुप्पट होतं आणि बऱ्याच विमानांत एका बॅगेला २३ किलोंचीच मुभा असते. पुस्तकं आणि हिवाळी कपडे आधीच टपालाने पाठवले तर विमानतळावर बॅग उघडून बसायची वेळ येत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, आणि १०० वॅट-तासांच्या आतली. भेट म्हणून मिळालेल्या काचेच्या वस्तू कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायच्या, कडेला नाही.