मदत हवी आहे: वजन घटल्यावर मॉर्फिनचा मेंदूवरील परिणाम बदलतो का?

कृष्णाकाठ: माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग आहे आणि चार महिन्यांत त्यांचे वजन 58 वरून 39 किलोवर आले आहे. वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनच्या ज्या मात्रेवर महिन्यापूर्वी ते उठून वर्तमानपत्र वाचत असत, त्याच मात्रेवर आता ते दिवसभर गुंगीत असतात आणि भिंतीवर मुंग्या फिरत असल्याचे सांगतात. कुपोषणामुळे मेंदू औषधाला वेगळा प्रतिसाद देतो का, एवढेच मला विचारायचे आहे. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. कृपया ‘धीर धरा’ असे लिहू नये.

नीलमोहर: मात्रा किती आणि किती तासांनी, हे आपण लिहिलेलेच नाही. मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का?

कृष्णाकाठ: दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी देतो. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) 0.9 आहे, म्हणजे मूत्रपिंड उत्तम आहे.

पिंपळपान: अल्ब्युमिन तपासा. रक्तातील प्रथिने घटली की औषध मोकळे सुटते आणि मेंदूत अधिक शिरते. शेवग्याच्या पाल्याचे सूप सुरू करा, माझ्या मावशीला त्याने फार बरे वाटले.

नीलमोहर: मॉर्फिनचा जेमतेम एक तृतीयांश भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे केवळ अल्ब्युमिन घटल्याने एवढा फरक पडणार नाही. मला शंका वेगळी आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्याच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, त्याचा 0.9 हा आकडा मूत्रपिंड मंदावलेले असूनही चांगला दिसू शकतो. यकृत मॉर्फिनचे रूपांतर ज्या द्रव्यांत करते ती लघवीवाटे बाहेर पडतात. ती साचली की गुंगी, भास आणि हातापायांना झटके येतात. झटके येतात का?

रानवाटा: उपाशी ठेवलेले उंदीर मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध मिळवण्यासाठी पिंजऱ्यातली कळ अधिक वेळा दाबतात, हे प्रयोगांत दिसले आहे. वडिलांना व्यसन लागेल, गोळ्या आजच बंद करा.

नीलमोहर: प्रयोग खरा असला तरी तो औषधाच्या ओढीविषयी आहे आणि इथे प्रश्न गुंगीचा आहे. एकदम बंद केल्यास वेदना उसळेल आणि शरीर औषध तुटल्याचा त्रासही दाखवेल. कृपया असे सल्ले देऊ नयेत.

मध्यान्ह: गोळ्यांपेक्षा फेंटानिल या वेदनाशामकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच लावावा. आईला 72 तास आराम पडत असे.

पिंपळपान: कृश रुग्णांत पॅचमधून औषध रक्तात कमी उतरते, असे आढळले आहे. हाडावर चिकटवून काय साधणार?

मध्यान्ह: आई काही पहिलवान नव्हती.

कृष्णाकाठ: झटके येतात. काल चहाची बशी हातातून उडाली, तेव्हा ते अशक्तपणामुळे झाले असे आम्ही समजलो. लघवीही सकाळपासून एकदाच झाली आहे.

नीलमोहर: मग गुरुवारची वाट पाहू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करून झटके आणि लघवी या दोन्ही गोष्टी सांगा, मात्रा किंवा औषध तेच बदलतील. श्वास फार संथ झाला किंवा हाका मारूनही ते जागे झाले नाहीत, तर फोन करत न बसता थेट रुग्णालयात न्या.

कृष्णाकाठ: फोन लावते आहे.

मध्यान्ह: पॅचचे मात्र विचाराच.