धनी, मालक, अधीन: मराठी बायबलमधल्या बायकांचे शब्द

दुधनाकाठ (जालना)

पेत्राच्या पहिल्या पत्रात, ३:६ मध्ये, सारा अब्राहामाला ‘धनी’ म्हणून त्याच्या आज्ञेत राहिली असं येतं. आमच्या महिला संघात या वचनावर मला बोलायचंय. अडचण अशी की संघातल्या थोरल्या बायकांना या शब्दात काही खटकतच नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. ‘मालक शेतात गेलेत’, ‘धनी जेवले का’ हेच त्यांच्या तोंडात. सुनांना मात्र ‘धनी’ म्हटलं की बैलाचा धनी आठवतो. मूळ भाषेत काय शब्द आहे? तोही असाच मालकी सांगणारा आहे का? इफिसकरांच्या पत्रातला ‘पतीच्या अधीन’ मधला ‘अधीन’ही जोडीला घ्या, कारण लग्नाच्या उपासनेत तो हमखास वाचतात आणि मागच्या बाकांवर पुरुषमंडळी एकमेकांकडे बघून हसतात.

शब्दवेल (अंबाजोगाई)

‘धनी’ म्हणजे ज्याच्याकडे धन तो. मग जनावराचा, शेताचा, घराचा आणि ओघानं बायकोचाही. पण मराठीत ‘घरधनीण’ आहे, ‘मालकीण’ही आहे, हे विसरू नका.

पेत्राचं पत्र ग्रीक. तिथं ‘क्युरिओस’ आहे. येशूला ‘प्रभू’ म्हणतात तोच हा शब्द, पण मोठ्या माणसाला ‘साहेब’ म्हणावं तसाही तो वापरात होता. म्हणजे ‘धनी’ हे भाषांतर चूक नाही.

आणि तुमची सारा! हिब्रूत ‘सार’ म्हणजे सरदार, अधिकारी. त्याचं स्त्रीरूप ‘सारा’. नावातच सरदारकी असलेली बाई नवऱ्याला धनी म्हणते आहे.

वचनवाचक (छत्रपती संभाजीनगर)

ताई, पेत्र ज्या जागेकडे बोट दाखवतो ती आधी वाचून दाखवा: उत्पत्ती १८:१२. पाहुणे सांगताहेत की सारेला मुलगा होणार. सारा तंबूच्या दारामागून ऐकते आणि मनातल्या मनात हसते, की मी अशी जख्ख झालेली आणि माझा धनीही म्हातारा! हिब्रूत तिथं ‘आदोनी’ आहे. आज्ञेचा प्रसंगच नाही तो. उलट २१:१२ मध्ये देव अब्राहामाला सांगतो की सारा जे म्हणते ते ऐक. हे दुसरं वचन लग्नात कुणी वाचलेलं मी तरी ऐकलं नाही.

कोरडवाहू (परभणी)

मी काही ख्रिस्ती नाही, पण पुस्तक वाचलंय. २१:१२ मध्ये ‘सारेचं ऐक’ म्हणजे काय ऐक, तेही सांगा की. हागार दासीला लेकरासकट रानात हाकलून दे, हे! एका बाईचं ऐकलं अन् दुसरीच्या पाठीवर पाण्याची कातडी पिशवी टाकून वाटेला लावलं.

अन् शब्दांवर काहून एवढा जीव? नियम बघा. लेवीयच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाला तर बाळंतिणीला शुद्ध व्हायला ४० दिवस, मुलगी झाली तर ८० दिवस. ‘लोभ धरू नको’ या दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याची बायको ही त्याचा दास, बैल अन् गाढवाच्या रांगेत. शब्द कितीही घासूनपुसून घेतले तरी हे निघणार नाही.

दुधनाकाठ (जालना)

कोरडवाहू दादा, ४० अन् ८० चं मला पटतं. त्यात सारवासारव करण्यात अर्थ नाही, तो नियम समान नाही. दहाव्या आज्ञेबद्दल मात्र एक: निर्गममध्ये घर आधी आणि बायको त्या घराच्या यादीत. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (५:२१) तीच आज्ञा परत येते तेव्हा बायको पहिली, वेगळ्या वाक्यात, आणि घर-शेत-बैल नंतर. हिब्रूत क्रियापदंही दोन वेगळी आहेत. कुणाला तरी ती रांग त्या काळीच खटकली असावी, असं मला वाटतं. हा माझा कयास, शास्त्र नव्हे.

हागार मला सुटू द्यायची नाही. उत्पत्ती १६ मध्ये रानात विहिरीपाशी ती देवाला नाव ठेवते, ‘मला पाहणारा देव’. बायबलमध्ये देवाला असं नाव देणारं पहिलं माणूस म्हणजे एक मिसरी दासी. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायका संघात आहेत. त्यांना सारेपेक्षा हागार लवकर कळते.

शब्दवेल (अंबाजोगाई)

‘मालक’ शब्दाला हिब्रूत अगदी बरोबरीचा जोडीदार आहे, तो सांगायचा राहिला: ‘बाअल’. बैलाचा मालक तोही बाअल (निर्गम २१:२८), बाईचा नवरा तोही बाअल. नीतिसूत्रं ३१ मधल्या त्या कर्त्या बाईचा नवराही बाअलच. कनानी देवाचं नावही तेच. आजच्या इस्राएलातही नवऱ्याला सर्रास ‘बाअली’ म्हणतात. ज्यांना ते नको वाटतं त्या ‘इशी’ म्हणतात. इश म्हणजे पुरुष. उत्पत्ती २:२३ मधला ‘इश-इशा’ हा खेळ मराठीत ‘नर-नारी’नं नेमका साधला आहे, फार थोड्या भाषांना ते जमतं.

आता होशेय २:१६ उघडा. देव इस्राएलाला म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘इशी’ म्हणशील, यापुढं ‘बाअली’ म्हणणार नाहीस. आपल्या बोलीत सांगायचं तर ‘मालक’ म्हणू नकोस, ‘माझा माणूस’ म्हण. बाअल देवाचं नाव तोंडी येऊ नये हा त्यातला एक हेतू आहे, तो पुढच्याच ओळीत सांगितलाय. तरी नात्याचा शब्द बदलायचा विचार कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी मांडला, हे काही थोडं नाही.

कोरडवाहू (परभणी)

त्याच अध्यायात वर, २:३ ला, बायकोला नागवी करीन अशी धमकी आहे. १६ वाचायचं अन् ३ झाकायचं, असं नको.

शब्दवेल (अंबाजोगाई)

मान्य. दोन्ही एकाच पानावर आहेत.

‘अधीन’कडे येते. संस्कृतात हा शब्द बहुधा समासाच्या शेवटी येतो: दैवाधीन, पराधीन. अर्थ ‘ज्याच्यावर अवलंबून’. मराठीत ‘स्वाधीन’ शब्द पोलिसांनी नेला आणि ‘पराधीन’ गुलामीनं, त्यामुळे ‘अधीन’ म्हटलं की हात बांधलेला माणूस दिसतो. ग्रीक क्रियापद ‘हुपोतास्सो’. हुपो म्हणजे खाली, तास्सो म्हणजे क्रमानं लावणं. सैन्यातही वापरत, म्हणून तो काही फुलासारखा मऊ शब्द नाही. पण दोन गोष्टी बघा. इफिस ५:२२, म्हणजे ‘स्त्रियांनो’ची ओळ, सगळ्यांत जुन्या काही हस्तलिखितांत क्रियापदाशिवायच आहे. क्रियापद वरच्या २१ व्या ओळीतून घ्यायचं, आणि ती ओळ म्हणते: एकमेकांच्या अधीन असा. सहाव्या अध्यायात मुलांना आणि दासांना सांगताना शब्द बदलतो, तिथं ‘हुपाकुओ’ आहे, आज्ञा पाळणं. बायकांना इफिसमध्ये तो शब्द लावलेला नाही.

वचनवाचक (छत्रपती संभाजीनगर)

पण पेत्रानं सारेला लावलाय. ३:६ मध्ये ‘हुपाकुओ’च आहे. इफिसवरून फार उंच उडी नको.

मी जुन्या वळणाचा आहे, लपवत नाही. इफिसमध्ये म्हटलंय तसं पती पत्नीचं मस्तक आहे असं मी मानतो. मस्तक म्हणजे उगम, असं काही विद्वान म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटतं. मात्र पुढची ओळ पतीला सांगते की ख्रिस्तानं मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) जीव दिला तशी प्रीती कर. अधीनतेच्या ओळीवर हसणारे ही ओळ आली की छताचे पंखे मोजतात. माझ्या मते भूमिका वेगवेगळ्या, किंमत सारखी. पौल इफिसला असलेल्या तीमथ्याला लिहितो की स्त्रीनं पुरुषावर अधिकार चालवू नये, तेव्हा कारण आदाम-हव्वेचं देतो, इफिसच्या गावकीचं नाही. म्हणून तो नियम तेवढ्या गावापुरता होता असं मी म्हणू शकत नाही.

लेक उदगीरची

सर, तीमथ्यातला तो ‘अधिकार चालवणे’साठीचा ग्रीक शब्द ‘औथेंतेइन’ अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो. साधा अधिकार की दडपशाही, यावरच भांडण चालूय. आणि प्रिस्किल्लेनं अपुल्लोस या उपदेशकाला शिकवलं (प्रेषित १८:२६), तिथं तिचं नाव नवऱ्याच्या आधी आहे. एकदाच आलेल्या शब्दावर बायकांचं तोंड कायमचं बंद करायचं, हे मला जमत नाही.

आता माझा खरा प्रश्न. मी सेमिनरीत शिकूलाले, पाळक म्हणजे पाद्री व्हायला. उद्या दीक्षा झाली तर मला म्हणायचं काय? गावात लोकं आतापासून इचारूलालेत. ‘पाळकीण’ म्हणजे पाळकाची बायको. माझा नवरा तर एसटीत कंडक्टर आहे!

शब्दवेल (अंबाजोगाई)

वा, हा खरा शब्दप्रश्न! ‘पाटलीण’ पाटलाची बायको. ‘मास्तरीण’ आधी मास्तराची बायको होती, मग बायका शिकवायला लागल्या तशी शिकवणारी झाली. ‘सरपंच’ला आपण ईण लावलाच नाही, बाई निवडून आली तरी सरपंचच, फक्त खुर्चीत नवरा बसतो. तुम्ही सरळ ‘पाळक’ म्हणवून घ्या. ‘पाळकबाई’ लोक आपोआप म्हणतील, आणि मराठवाड्यात ‘बाई’ हा मानाचाच शब्द आहे. कित्येक घरांत आईलाच बाई म्हणतात. योहानात येशू आईला ‘बाई’ म्हणतो ते पुण्याकडच्या वाचकाला तुटक वाटतं, आपल्याला वाटत नाही.

‘सेविका’ मात्र घेऊ नका. रोमकरांस १६:१ मध्ये फिबी ही करिंथजवळच्या बंदरातल्या मंडळीची ‘दियाकोनोस’ आहे. पौल स्वतःलाही हाच शब्द लावतो. मराठीत त्याचा ‘सेवक’, तिची ‘सेविका’, म्हणजे भाषांतर इमानदार आहे. पण आज सेविका म्हटलं की अंगणवाडीच डोळ्यांपुढं येते, अन् तिचं थकलेलं मानधन.

वचनवाचक (छत्रपती संभाजीनगर)

उदगीरच्या ताई, माझं मत वेगळं असलं तरी आमच्या उत्तर भारतीय मंडळीत स्त्रियांना दीक्षा मिळते, ते मी नाकारत नाही. दक्षिण भारतीय मंडळीनं तर २०१३ मध्ये स्त्री बिशप नेमली. कॅथलिकांत दीक्षा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये ते दार बंदच केलं. पण त्यांच्याकडेच २०१६ मध्ये मग्दालीया मरीयेचा स्मृतिदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला नेला गेला. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा तिनंच प्रेषितांना सांगितली ना.

तुमची दीक्षा झाली तर मी येईन. समोर बसून ऐकेनही.

काळा कोट (लातूर)

भाषेत मी पडत नाही, एक कायद्याची गोष्ट तेवढी. ख्रिस्ती घटस्फोटाचा आपला कायदा १८६९ चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. हे २००१ पर्यंत चाललं. अशिलांना वाटायचं की हे बायबलमधून आलंय. मार्क १०:११-१२ वाचा: नवऱ्यानं टाकून दुसरी केली तरी व्यभिचार, बायकोनं टाकून दुसरा केला तरी व्यभिचार. कडक आहे, पण दोघांना सारखं. तो भेदभाव १८५७ च्या इंग्रजी कायद्यातला, पाद्र्याच्या झग्याआडून आलेला. वारशातही १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं का, तो तलाठ्याचा आणि भावांचा प्रश्न.

शब्दवेल (अंबाजोगाई)

जाता जाता एक मराठीपुरती गंमत. इफिसमध्ये नवरा-बायकोला उपमा आहे ख्रिस्त आणि मंडळीची. जुन्या मराठीत ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणजे बायको! ग्रीक ‘एक्लेसिया’त हे काहीच नाही, निव्वळ योगायोग. पण मराठी माणसाला तो अध्याय इंग्रजी माणसापेक्षा जास्त कळायला हवा होता.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत, अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये जाण्याआधी हातचं काम संपवलं. साध्या बायकांना कळेल अशी भाषा हा त्यांचा हट्ट. त्यांनी ३:६ ला कोणता शब्द घातला ते प्रत मिळाली तर जरूर बघा.

दुधनाकाठ (जालना)

मिळाला मला धागा. ३:६ वाचणार, मग १८:१२ मधलं सारेचं हसू, मग हागार. होशेय २:१६ आणि २:३ दोन्ही वाचणार. कोरडवाहू दादांचा आग्रह आहे. ४० अन् ८० दिवसांबद्दल कुणी विचारलं तर सांगेन की हा नियम बाईवर अन्याय करतो, आणि मी तो पाळत नाही. शेवटी थोरल्या बायकांनाच विचारणार, ‘मालक’ म्हणताना मनात काय असतं. एकीनं परवाच सांगितलं, ‘मालक म्हन्लं की कामं गुमान करत्यात ते’.

शब्दवेल (अंबाजोगाई)

हिब्रू प्रत समोर ठेवणार असाल तर तिथं होशेयचे आकडे दोनानं पुढं आहेत. मराठीत २:१६ ते तिथं २:१८.