दादाकडे दाखला मागितला, तर एवढा अपमान?

परळची_आई :
काल इथे एका कार्यकर्त्याने लिहिलं, 'रविवारची झोप मोडून पोरांना फुकट शिकवतो, आणि आता पालक पोलिसांचा दाखला मागतात. त्यापेक्षा वर्ग बंद केलेले बरे.' खाली धडाधड हात जोडलेले. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझी मुलगी ११ वर्षांची, मंडळाच्या लेझीम पथकात जाते. खोली तळमजल्यावर. खिडकीपुढे मखराच्या लाकडी चौकटी रचलेल्या, त्यामुळे उजेड येतो तो फक्त दारातून. जूनमध्ये तिला आणायला गेले तर बाकीची मुलं अंगणात आणि दार आतून लावलेलं. ठोठावलं. कडी निघायला वेळ लागला. आत शिकवणारा दादा आणि माझी मुलगी. 'हिचे हात चुकत होते, दोनदा करून घेतलं. दार आवाजासाठी लावलं, वरचे आजोबा ओरडतात.' मुलीनेही तेच सांगितलं. माझा तिच्यावर विश्वास आहे आणि दादाचंही खरंच असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या पोटात जो गोळा आला, तो मी अजून विसरलेले नाही.

कार्यकारिणीला एवढंच म्हटलं, की मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं, मुलांना खासगी मेसेज जाऊ नयेत आणि शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी. उत्तर आलं, 'वहिनी, तो आपला माणूस आहे.' अहो, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत आहे. परका माणूस मुलांच्या खोलीपर्यंत पोचतोच कुठे? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले तेव्हा आमच्याच मंडळाने निषेधाचा फलक लावला होता. स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवायला मात्र जमत नाही.

लालबागचा_जुना :
ताई, कालचं मीच लिहिलं होतं. २६ वर्षं शिकवतोय. तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण तुमच्या चाळीत उद्यापासून सगळे त्या पोराकडे कसे बघतील याचा विचार केलात? काही घडलेलं नसताना?

आणि दोन माणसं कुठून आणू? गिरण्या गेल्या, जागा विकून लोक विरार-डोंबिवलीला गेले. जे उरलेत ते पोराला दारात सोडून बाजाराला जातात. पोर पडलं, गुडघा फुटला, तर उचलायचं की आधी साक्षीदार शोधायचा? उद्या कोणी रागाने खोटी तक्रार केली तर माझ्या पोरींची लग्नं कशी होतील?

परळची_आई :
काही घडल्यावरच विचारायचं का, काका?

काळा_डगला :
२०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी, यात क्रीडा अकादम्याही आल्या, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. पगारी असो वा कंत्राटी. पण शब्द 'कर्मचारी' असा आहे. विनामोबदला येणारा दादा त्यात स्पष्टपणे नाही.

लालबागचा_जुना :
म्हणजे मला लागू नाही. मिटला विषय.

काळा_डगला :
नाही मिटला. पोक्सो कायद्याचं कलम १९ सगळ्यांना लागू आहे. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवायचंच. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर वर्षापर्यंत कैद. आधी कार्यकारिणीत बसून मिटवू म्हणणाऱ्या अध्यक्षांनी हे वाचावं. तुमच्या भीतीचंही उत्तर कायद्यात आहे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. आणि दोन माणसांचा नियम तुमचंही रक्षण करतो.

घाटकोपर_लोकल :
दाखल्यावर एवढं चाललंय आणि हीच मंडळं दहीहंडीला ९ वर्षांचं पोर वर चढवतात. तेव्हा कुठे जाते काळजी?

सातवा_थर :
आलंच का गोविंदावर! विषय काय, बोलता काय? आमचं पथक १४ च्या खालचं पोर घेत नाही, आधार कार्ड बघतो.

घाटकोपर_लोकल :
मागच्या वर्षी मी स्वतः बघितलंय. तीन थर खाली थरथरत होते आणि वरचं पोर रडत होतं, डोक्याला हेल्मेट नाही. खालून भोंग्यावर ओरडत होते, 'चढ, चढ!' २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने १८ खालच्यांना मनाई केली होती, उंची २० फूट. २०१७ मध्ये ते १४ वर आलं आणि उंचीची मर्यादा गेली. तरी पाळत नाहीत.

सातवा_थर :
कुठलं पथक ते सांगा, नाहीतर सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे वरच्या पोराला दोरी असते, खाली गाद्या असतात. माझा स्वतःचा मुलगा चढतो. तुम्ही गॅलरीतून व्हिडिओ काढणार आणि आम्हाला शिकवणार!

घाटकोपर_लोकल :
स्वतःचा मुलगा चढवला म्हणून बरोबर होत नाही.

सातवा_थर :
माझ्या मुलावर जाऊ नका. सांगून ठेवतो.

परळची_आई :
दोघांनी थांबा. गोविंदासाठी वेगळा धागा काढा, मीही येईन. हा मुलांच्या खोलीचा आहे.

कुर्ला_पूर्व :
मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

१९९४, व्यायामशाळेचं शिबिर. मी १२ वर्षांचा. सर सगळ्यांचे लाडके, आमच्या बाबांचे मित्र. रात्री तंबूत काय झालं ते लिहिणार नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, 'बाबांना सांगू नकोस, त्यांनीच सरांना आणलंय.' आणि लाटणं परत सुरू झालं. पुढे दोन वर्षं पोट दुखतंय सांगून मी व्यायामशाळा चुकवली. सरांचा सत्कार झाला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, बाबांच्या शेजारी.

सरांकडे पोलिसांचा दाखला मागितला असता तर तो स्वच्छच मिळाला असता, कारण तक्रार कुणी केलीच नव्हती. परळच्या ताई, तुम्ही दाखल्यावर अडून बसू नका. मला तिथे दुसरा मोठा माणूस हवा होता. आणि सांगितल्यावर ऐकून घेणारं कुणीतरी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर १९९६ मध्ये आपल्याच मुंबईत सुरू झाला, माझ्या वेळी तोही नव्हता. खोलीच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला तो लिहा, मोठ्या अक्षरात.

लालबागचा_जुना :
वाचलं. दोनदा वाचलं. भाऊ, तुमच्या आईने जे म्हटलं तेच आमच्या मंडळात १५ वर्षांपूर्वी एका बाईला आम्ही म्हटलं होतं. त्या बैठकीला मी होतो. गप्प बसलो होतो. ते कुटुंब पुढे जागा सोडून गेलं.

दार उघडं ठेवीन. नंबर या रविवारी रंगवून घेतो. दाखल्याचं मात्र मला अजून पटत नाही, आणि काढायचाच तर अध्यक्ष-खजिनदारांनी आधी काढावा, मग मी. पण दुसरा माणूस कुठून आणायचा, हा माझा प्रश्न तसाच आहे. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

परळची_आई :
दाखल्याचं मी सोडणार नाही, काका. पण कुर्ल्याच्या भाऊंचं बरोबर आहे, तो पहिला नव्हे. लालबाग मला चालत पंधरा मिनिटं. महिन्यातला पहिला रविवार मी येऊन बसते. उरलेल्या तीन रविवारांसाठी तुमच्या पालकांची नावं फळ्यावर लिहा. ज्याची पाळी चुकली, त्या दिवशी वर्ग अंगणात घ्या.

सातवा_थर :
एक रविवार माझा. घाटकोपरवाल्याने मात्र माझ्या मुलाबद्दलचं मागे घ्यावं.

घाटकोपर_लोकल :
मुलाबद्दल काही बोललोच नाही. हेल्मेटबद्दल बोललो, ते मागे घेणार नाही.